तीनशे दोन उतरते तेव्हा

नागपूर खंडपीठातून अपिलाचा निकाल येतो. गडचिरोलीच्या किंवा चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दिलेली जन्मठेप जाते, भारतीय दंड संहितेच्या ३०२ च्या जागी ३०४ येते, आणि आरोपी कित्येक वर्षांपासून आतच असल्याने 'भोगलेली शिक्षा पुरेशी' ठरते. बातमीचा मथळा होतो, 'जन्मठेप रद्द, आरोपीची सुटका'. पुढची सगळी चर्चा त्या मथळ्यावर चालते. खालच्या कोर्टाने धरलेला खुनी वरच्या कोर्टाने सोडला. वकिलाला कायद्यात फट सापडली. मेलेला माणूस शहरातला असता तर असे झाले नसते, जंगलातल्या जिवाला मोल नाही म्हणून हे होते.

यातला शेवटचा आरोप गंभीर आहे. तो करणारी बरीच माणसे या दोन जिल्ह्यांवर मनापासून प्रेम करणारी आहेत, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. खून आणि सदोष मनुष्यवध यांतला भेद ही फट आहे, हे मला मान्य नाही. त्या भेदावाचून फौजदारी न्याय उभाच राहू शकत नाही. आपल्याकडे अन्याय होतो, हे मात्र खरे आहे. पण तो हा भेद पाळल्यामुळे होत नाही. भेद करायला जो पुरावा लागतो तो वेळेवर कोणी गोळा करत नाही, म्हणून होतो. राग योग्य आहे, त्याचा रोख चुकला आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. दंड संहितेचे कलम २९९ सदोष मनुष्यवध सांगते, कलम ३०० खून सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हीच कलमे १०० आणि १०१ झाली, शिक्षेची कलमे ३०२ आणि ३०४ यांची १०३ आणि १०५ झाली. व्याख्यांचा गाभा तोच राहिला. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. माणूस मेला, तो आरोपीच्या हातून मेला, इथपर्यंत दोन्हीकडे सारखेच. तिथून पुढे न्यायालय आरोपीच्या मनाकडे वळते. त्याला जीवच घ्यायचा होता का? की सामान्यपणे जिच्यातून मरण ठरलेलेच अशी जखम त्याला करायची होती? की मरण येऊ शकेल एवढीच जखम त्याच्या मनात होती? की तसा हेतूही नव्हता, फक्त आपल्या कृत्याने माणूस दगावू शकतो याची जाणीव होती? पहिल्या दोनपैकी एका प्रश्नाचे उत्तर जरी 'होय' आले आणि कलम ३०० चा कोणताही अपवाद लागू नसला, तर तो खून. उरलेल्या दोन्हींत सहसा सदोष मनुष्यवध. मृताच्या आप्तांना हा कीस वाटतो, ते मी समजू शकतो. त्यांचे माणूस गेले आहे. पण शिक्षा ठरवणाऱ्याला हा कीस काढावाच लागतो, नाहीतर दबा धरून गळा चिरणारा आणि भांडणात एक ठोसा मारणारा एकाच मापाने मोजले जातील.

हे काही आजचे लाड नाहीत. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गोविंदा नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाचा खटला आला. त्याने पंधरा वर्षांच्या बायकोला खाली पाडले, छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर बुक्क्या मारल्या. कवटी फुटली नव्हती, पण मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती मुलगी मेली. सत्र न्यायालयाने खून धरून फाशी दिली होती. न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी खुनाचे कलम उतरवले आणि सात वर्षांची शिक्षा दिली. मरणाची शक्यता किती दाट होती, यावर त्यांनी भेद उभा केला: बंद मुठीच्या बुक्कीने मरण येऊ शकते, पण सामान्यपणे येतेच असे नाही. त्या मुलीच्या मरणाने आजही पोटात कालवते, आणि सात वर्षे कमी होती असे कोणाला वाटले तर मी भांडणार नाही. पण शिक्षा कमी वाटणे वेगळे आणि गुन्हा खुनाचा ठरवणे वेगळे. फाशी कायम झाली असती तर बुक्की आणि खंजीर यांत कायद्याने फरक उरला नसता. मेलव्हिल यांनी मांडलेली कसोटी दीडशे वर्षे टिकली आहे.

'वरचे कोर्ट नेहमी सोडते' हे म्हणणे तर वस्तुस्थितीला धरूनही नाही. आंध्रच्या रायवरपू पुन्नय्या खटल्यात गावातल्या दोन गटांचे वैर होते. एका प्रौढ माणसाला बसमधून उतरल्यावर गाठून जाड काठ्यांनी हातापायांवर झोडपले गेले. डोके, छाती, पोट यांना कोणी हात लावला नाही. उच्च न्यायालयाने याच कारणाने खुनाचे कलम उतरवून ३०४ लावले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७६ साली न्यायमूर्ती सरकारिया यांनी खुनाचे कलम परत लावले. मर्मावर घाव नाही म्हणून खून नाही, हा युक्तिवाद तिथे पडला. सगळ्या जखमा मिळून मरण आणायला पुरेशा होत्या आणि त्या ठरवून केलेल्या होत्या. त्याआधी १९६५-६६ च्या सुमारास राजस्थानच्या अंडा खटल्यातही हा युक्तिवाद टिकला नव्हता. हात आणि पाय ठेचून मारलेला माणूस हा खूनच झालेला माणूस आहे, असे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिले. भेदाचे हे शास्त्र कलम खाली आणते तसे वरही नेते. वर नेलेल्या निकालांवर चर्चा होत नाही, एवढेच.

हिदायतुल्ला यांचे नाव घेतलेच आहे तर एक गोष्ट इथल्या वाचकाला सांगायला हवी. हा भेद दिल्लीत बसून कोणीतरी आपल्यावर लादला, हा समज चुकीचा आहे. चंद्रपूर हा पूर्वीचा मध्य प्रांतातला चांदा जिल्हा, आणि गडचिरोली १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग. १९३६ ते १९५६ या काळात चांद्याची अपिले नागपूर उच्च न्यायालयात जात. हिदायतुल्ला त्याच न्यायालयात वकील होते, न्यायाधीश झाले, मुख्य न्यायाधीश झाले. त्यांच्या आधी तिथे मुख्य न्यायाधीश राहिलेल्या विवियन बोस यांची वकिलीही नागपुरातच झाली. याच बोस यांनी ११ मार्च १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयात विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल लिहिला. आज भारतातल्या कोणत्याही सत्र न्यायालयात कलम ३०० च्या तिसऱ्या पोटकलमावर, म्हणजे मरण आणायला पुरेशा जखमेवर, वाद सुरू झाला की तो या निकालावर येऊन थांबतो. चांद्यासारख्या जिल्ह्यांतून येणारी अपिले ज्या न्यायालयात चालत, तिथे घडलेल्या माणसांनी ही कसोटी दिली.

त्या कसोटीकडे लक्ष द्या, कारण 'फट' म्हणणाऱ्यांचे आणि 'एकच वार होता' म्हणणाऱ्या बचावाचे उत्तर तिच्यात एकत्र सापडते. विरसा सिंगने भाल्याचा एकच वार केला होता, पोटात. आतडी बाहेर आली, माणूस दुसऱ्या दिवशी मेला. मारण्याचा हेतू सिद्ध नाही, असे बचावाचे म्हणणे होते. बोस यांनी प्रश्नांचा क्रम लावून दिला. जखम आहे का? ती कशी आहे, किती खोल? नेमकी तीच जखम करायची होती का, की वार चुकून, निसटून भलतीकडे लागला? आणि तशी जखम सामान्यपणे मरण आणायला पुरेशी आहे का? शेवटचा प्रश्न आरोपीच्या मनाचा राहत नाही, तो वैद्यकाचा होतो. आपण केलेली जखम जीवघेणी आहे हे आरोपीला कळत होते की नाही, हे विचारायचे कारण उरत नाही. एकच वार, तरीही खून. उलट १९६८ च्या लक्ष्मण काळू निकाळजे खटल्यात, आपल्या महाराष्ट्रातल्याच, चाकूचा घाव खांद्याजवळ लागला आणि आतली धमनी कापली गेली. धमनी कापण्याचा हेतू दिसत नाही, म्हणून हिदायतुल्ला यांनीच ३०४ चा दुसरा, कमी शिक्षेचा भाग लावला. दोन्हींत एकच वार होता. निकाल वारांच्या संख्येवर ठरला नाही.

आता आपल्या जंगलात या.

पोलिसांच्या दोषारोपपत्रात एक वाक्य हमखास असते: आरोपी घातक शस्त्रासह आला. शस्त्र कोणते, तर कुऱ्हाड. शस्त्र सोबत आणले की जागेवर सापडले, हे न्यायालये हेतू ठरवताना पाहतात आणि पाहिलेच पाहिजे. पुलिचेर्ला नागराजू या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेतू ओळखण्याच्या ज्या खुणा मोजल्या त्यांत हीही आहे. पण एटापल्लीत, भामरागडात, कोरचीत, जिवतीत घराबाहेर पडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड असतेच. सरपणाला जाताना असते, बांबूला जाताना असते, शेतावर आणि पाहुण्याच्या गावी जातानाही असते. नागपुरात कुऱ्हाड घेऊन शेजाऱ्याच्या दारात जाणारा माणूस काहीतरी ठरवून निघाला आहे, असा निष्कर्ष निघू शकतो. भामरागडात तोच निष्कर्ष काढला तर तो धडधडीत चुकीचा असतो. ही गोष्ट सत्र न्यायालयात उलटतपासणीत नोंदली गेली नाही, तर अपिलात कागद वाचणाऱ्या न्यायमूर्तींपुढे 'घातक शस्त्रासह आला' एवढेच उरते.

पण याच कुऱ्हाडीची दुसरी बाजूही लपवता येत नाही, आणि इथे मी बचावाच्या वकिलांशीही भांडतो. कलम ३०० चा चौथा अपवाद अकस्मात उद्भवलेल्या भांडणाचा आहे. वाद झाला, रागाच्या भरात घाव बसला, पूर्वनियोजन नव्हते, म्हणून ३०४ द्या, असे मागितले जाते. अपवादाचा उरलेला अर्धा भाग कोणी वाचून दाखवत नाही. आरोपीने गैरफायदा घेतलेला नसावा, आणि क्रूर किंवा विलक्षण रीतीने वागलेला नसावा. समोरचा रिकाम्या हाताने उभा आहे, वळून पळतो आहे, खाली पडला आहे आणि मानेवर कुऱ्हाडीची धार येते. तिथे भांडण कितीही अकस्मात असो, हा अपवाद मिळत नाही. कुऱ्हाड सोबत असणे हा कट नाही. ती कशी चालवली, यावरून हेतू दिसतो. धार लागली की तुंबा? घाव वरून आला की बाजूने? पहिल्या घावानंतर हात थांबला की पुन्हा उठला? भांडण सोडवायला मधे पडलेल्याला काय दिसले? माझ्या मते गडचिरोलीतल्या अशा बहुतेक खटल्यांचा निकाल या चार प्रश्नांवर उभा असायला हवा. पंचनाम्यात 'रक्ताने माखलेली कुऱ्हाड जप्त' एवढेच लिहिले आणि रक्त धारेवर आहे की तुंब्यावर हे लिहिले नाही, तर पहिलाच प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

वैद्यकीय पुराव्याचे याहून कठीण आहे. बोस यांची कसोटी डॉक्टरच्या जबाबावाचून चालत नाही. जखमेची लांबी-रुंदी लिहिली आणि खोली लिहिली नाही, खालचे हाड तुटले की नाही लिहिले नाही, 'ही जखम सामान्यपणे मृत्यू घडवण्यास पुरेशी होती का' हा प्रश्न सरकारी वकिलाने विचारलाच नाही, तर अपिलात खुनाचे कलम टिकवणे अवघड होते. न्यायमूर्ती स्वतः शवविच्छेदन करू शकत नाहीत. संशयाचा फायदा आरोपीला जातो आणि जायलाच हवा. अशा निकालानंतर कोर्टाला दोष देणाऱ्यांनी त्या साक्षीचे पान काढून वाचावे. नागपुरात सुटलेली वाटणारी केस बऱ्याचदा ग्रामीण रुग्णालयाच्या टेबलावर आणि सरकारी वकिलाच्या त्या दिवसाच्या घाईत सुटलेली असते.

याच मुद्द्याची आणखी एक गाठ आहे, आणि ती खास आपली आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता तुटतो. डोक्याला मार लागलेला माणूस खाटेवर घालून न्यायचा, मग तालुक्याला, मग गडचिरोलीला, मग चंद्रपूर किंवा नागपूरला. वाटेतच जीव जातो, किंवा आठवड्याने जखम चिघळून जातो. बचाव म्हणतो, उपचार मिळाले असते तर तो जगला असता. कलम २९९ चे दुसरे स्पष्टीकरण हा दरवाजा बंद करते: योग्य उपचाराने मृत्यू टळला असता, तरी मृत्यू जखम करणाऱ्यानेच घडवला असे धरले जाते. ते बरोबर आहे. पण फिर्यादी पक्ष यावरून पुढची उडी घेतो, की माणूस मेला म्हणजे जखम 'पुरेशी' होती. ही उडी चूक आहे. जखम पुरेशी होती की नाही, हे जखमेवरून ठरते, दवाखान्याच्या अंतरावरून नाही. पुण्यात जो तीन टाके घालून घरी गेला असता तो माणूस रस्ता नसल्याने मेला, तर मारणारा गुन्हेगार आहेच, पण सरकारने न बांधलेल्या पुलामुळे त्याचा गुन्हा सदोष मनुष्यवधावरून खुनावर चढत नाही. अशा खटल्यात अपील न्यायालय ३०४ लावते तेव्हा ते जंगलातल्या जिवाला कमी लेखत नाही.

मग 'सुटका' का दिसते? त्याचे उत्तर कॅलेंडरात आहे. ३०४ च्या पहिल्या भागात जन्मठेपही देता येते, नाहीतर दहा वर्षांपर्यंत कारावास. नव्या संहितेने या पहिल्या भागाला किमान पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. दुसऱ्या भागात दहा वर्षांपर्यंत. ही शिक्षा किरकोळ नाही. पण अपिलाला वर्षानुवर्षे लागतात आणि तोवर आरोपी मध्यवर्ती कारागृहातच असतो. योग्य कलमाखालची शिक्षा निकालाच्या दिवशी भोगून संपलेली असते, कधी तिच्याहून जास्तही भोगलेली असते. मथळ्यात मात्र एका दिवसात दार उघडल्यासारखे दिसते. जो ३०४ चा दोषी आहे त्याला दहा वर्षे ३०२ चा म्हणून ठेवले, याबद्दल कोणी मथळा केलेला मी पाहिला नाही. जामिनासाठी हमीदार नाही, नागपूरला खेप घालायला पैसे नाहीत, विधी सेवा समितीने दिलेल्या वकिलाशी बोलायला नीट मराठी नाही, अशा माडिया आदिवासी माणसाच्या वाट्याला हे जास्त येते.

आता दुसऱ्या टोकाच्या दाव्याकडे वळतो, कारण तो दयाळू दिसतो आणि म्हणून जास्त घातक आहे. आदिवासी भोळा, तापट, दारूत वाहणारा, देवभोळा. त्याच्या हातून झालेले मरण खून म्हणून मोजू नका, असे तो म्हणतो. हा दावा जुना आहे. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरातल्या माडियांच्या शंभर प्रकरणांवर व्हेरियर एल्विन यांनी १९४३ साली 'मारिया मर्डर अँड सुइसाइड' हे पुस्तक लिहिले. ते सहानुभूतीने लिहिले आहे, पण त्यातून शिकायचे ते हे की ती प्रकरणे एका साच्यातली नाहीत. प्रत्येकामागे वेगळे कारण, वेगळे भांडण, वेगळे मन. जमातीचा स्वभाव म्हणून हेतू ठरवता येत नाही. तो एका माणसाचाच तपासावा लागतो.

दारूचे घ्या. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती, आणि तरीही मोहाच्या दारूवरून झालेली भांडणे कोर्टात येतच राहिली. 'नशेत होता' हे ऐकले की कलम उतरते, असा समज आहे. १९५६ च्या बासदेव खटल्यात लग्नाच्या जेवणात बसायच्या जागेवरून एका निवृत्त जमादाराने मुलाला गोळी घातली. तो प्यायलेला होता, पण हेतू धरता येणार नाही इतका बेभान नव्हता. खुनाची शिक्षा कायम राहिली. स्वेच्छेने प्यालेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव आहे असे कायदा धरतो. उरतो तो हेतूचा प्रश्न, आणि तो पुन्हा घावावरूनच सुटतो.

आणि जादूटोणा. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दमध्ये भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना चौकात बांधून मारले गेले. मे २०२४ च्या सुरुवातीला एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला मारून जाळण्यात आले, आणि पोलिसांनी १५ जणांना अटक केली. कोण दोषी, हे न्यायालय ठरवेल. पण अशा प्रकरणांत 'त्यांचा तसा विश्वासच होता, म्हणून प्रक्षोभ' असे म्हणणाऱ्यांना कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. पहिला अपवाद गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा आहे, आणि तो मृताने दिलेला असावा लागतो. ज्या म्हातारीने कोणाला शब्दही उच्चारला नाही, तिने प्रक्षोभ दिला कसा? नानावटी खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपी ज्या समाजातला आहे त्या समाजातला समंजस माणूस कसा वागला असता, हे पाहायचे. म्हणजे समाज बघायला कायदा तयार आहे. पण त्याच निकालात, पत्नीचा कबुलीजबाब आणि गोळीबार यांमध्ये सुमारे तीन तास गेले आणि त्या वेळात नानावटींनी जहाजावरून रिव्हॉल्वर मिळवले, म्हणून अपवाद नाकारला गेला. गावाची बैठक भरते, नावे घेतली जातात, रात्र पडते, मग लाकडे गोळा होतात. यात आकस्मिक काय आहे?

गैरसमजाच्या बचावाचेही असेच. ओडिशात एका रात्री भूत समजून कुकरीने वार करणारा नेपाळी नोकर निर्दोष ठरला होता, कारण समोर माणूस आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. जिला चेटकीण म्हणून मारले जाते ती माणूस आहे, शेजारीण आहे, हे मारणाऱ्याला पुरते ठाऊक असते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा या प्रकरणांत लागतो, पण त्याची कमाल शिक्षा सात वर्षे आहे. तो खुनाच्या कलमाची जागा घेत नाही. श्रद्धेचा विचार फाशी द्यायची की जन्मठेप, इथे करता येईल. गुन्ह्याचे नाव बदलायला तिचा उपयोग करता येणार नाही. मेलेली बहुधा विधवा असते, एकटी असते, आणि तीही आदिवासीच असते. दया दाखवताना तिला मोजायचे कोणी?

बारसेवाड्याची घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून तिला जुनी दंड संहिताच लागू राहील. नव्या संहितेच्या १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या खुनाची वेगळी तरतूद आहे. ती इथे लावता येणार नाही. त्यामुळे १५ पैकी कोणी काय केले, कोण फक्त उभा होता, कोणी बांधले, कोणी पेटवले, हे एकेका नावापुढे साक्षीने सिद्ध करावे लागेल. समान हेतूचे कलम घातले म्हणजे हे काम संपत नाही. माडियात सांगितलेला जबाब मराठीत लिहिला जाईल, मराठीतला इंग्रजीत टंकला जाईल, आणि पुढे कधीतरी नागपुरात दोन न्यायमूर्ती तो वाचतील. त्या दिवशी कलम उतरले किंवा टिकले, तर मथळा करणाऱ्यांनी आधी एवढे पाहावे: दुभाषा शपथेवर बसवला होता का, शवविच्छेदनाच्या अहवालात मारहाणीच्या जखमा आणि भाजल्याच्या जखमा वेगळ्या नोंदल्या आहेत का, आणि आग लागली तेव्हा ती माणसे जिवंत होती का, हा प्रश्न डॉक्टरला कोणी विचारला का.